आधी सासऱ्यांचा व्हिडिओ, मग साफसफाई

*दादा, मी राजारामपुरीत घरून चटणीचा व्यवसाय करते. कांदा-लसूण मसाला, वर्षभराच्या ऑर्डरी. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, हिशोब लॅपटॉपवर असतो. महिनाभर झाला, लॅपटॉपची सी ड्राइव्ह लाल दिसतेय आणि फोनवर रोज ‘स्टोरेज भरलं’ येतंय. परवा जीएसटीचं काम बघणाऱ्या सरांचा फोन आला, “वहिनी, तुम्हाला पाठवलेला मेल परत येतोय.” मुलगी पुण्याहून म्हणते, पैसे भर आणि मोकळी हो. आमचे मालक म्हणतात, एवढे फोटो कशाला लागतात, पुसून टाक. म्हणून गेल्या पंधरवड्यात मी बसून गुगल फोटोमधले सगळ्यात जुने फोटो आणि व्हिडिओ पुसले, २०१९ पासूनचे. म्हटलं, फोनमध्ये आहेतच की. तर फोनमधनंही गेले! त्यात सासऱ्यांचा आठ मिनिटांचा व्हिडिओ होता, खासबागच्या कुस्त्यांच्या आठवणी सांगतानाचा. ते आता नाहीत. आणि एवढं करूनही जागेचा आकडा हलला नाही तो नाहीच. घरात कुणाला अजून सांगितलेलं नाही. काय करू?*

*ता. क. गल्लीतल्या एका पोरानं फोनमध्ये ‘क्लीनर’ नावाचं ॲप टाकून दिलंय. ठेवू का?*

*– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर*

ताई, पुढचं नंतर वाचा. आधी फोन घ्या, गुगल फोटो उघडा आणि ‘बिन’ किंवा ‘ट्रॅश’ असं लिहिलेला कचऱ्याचा डबा शोधा. ढगात, म्हणजे इंटरनेटवरच्या गुगलच्या साठ्यात, चढलेला फोटो किंवा व्हिडिओ पुसला की तो या डब्यात ६० दिवस राहतो. तुम्हाला पंधरवडाच झालाय. सासरे तिथेच बसलेले असणार. व्हिडिओवर बोट दाबून धरा, ‘रिस्टोअर’ म्हणा. तो जिथून गेला होता तिथे परत येईल. मग तो लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि आवाजासकट शेवटपर्यंत बघा. नुसतं फाइलचं नाव दिसलं म्हणून समाधान मानू नका.

आणि तोवर एक पथ्य. फोन सारखा सांगेल, ‘डबा रिकामा करा, जागा मिळेल.’ करायचा नाही. त्या पोराच्या क्लीनरलाही करू द्यायचा नाही. डबा रिकामा झाला की ६० दिवसांची मुदत तिथेच संपते.

झालं? आता निवांत बसा. चहा घ्या.

तुमच्याकडून नेमकी कुठे गफलत झाली ते सांगतो, कारण ही गफलत माझ्याकडे येणाऱ्या दर चारातल्या एका पत्रात असते. तुम्ही समजलात की फोनमध्ये एक प्रत आणि गुगलकडे दुसरी. दिसायला तसंच दिसतं. पण ही दोन्ही टोकं एकमेकांना बांधलेली असतात. याला ‘सिंक’ म्हणतात. बैलजोडीसारखं आहे, एकाला वळवलं की दुसरा वळतोच. गुगल फोटोच्या ॲपमध्ये ‘डिलीट’ दाबलं की दोन्हीकडून जातं. ‘फ्री अप स्पेस’ किंवा ‘डिलीट फ्रॉम डिव्हाइस’ दाबलं तर मात्र फक्त फोनमधनं जातं, गुगलकडे राहतं. बटणं शेजारी शेजारी, शब्द जवळजवळ सारखे, परिणाम मात्र जमीन-अस्मानाचा. ज्यानं ही नावं ठेवली त्यानं कधी घरच्या माणसाला फोन शिकवला नसावा.

आता आकडा का हलला नाही? यातच तुमच्या मेहनतीचं खरं दुखणं आहे. गुगल प्रत्येक खात्याला १५ जीबी फुकट देतं आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. एक टाकी, तीन नळ. पण १ जून २०२१ च्या आधी ‘हाय क्वालिटी’ या पर्यायात चढवलेले फोटो आणि व्हिडिओ या टाकीत मोजलेच जात नाहीत. तेव्हा ते फुकट होतं, आणि तेव्हा चढवलेलं आजही फुकटच आहे. बहुतेकांच्या फोनवर तोच पर्याय चालू असायचा. तुम्ही माळा आवरतो तसं सगळ्यात जुन्या सामानापासून सुरुवात केलीत आणि नेमकं तेच पुसलंत ज्याचं भाडं लागत नव्हतं. २०१९ चं सगळं परत आणा. सगळं. त्यातून तुम्हाला एक एमबीसुद्धा मिळायची शक्यता कमी.

मग टाकी भरली कशानं? माझा अंदाज, व्हिडिओंनी. तुमचा एक फोटो ४ एमबीचा धरला तर १५ जीबीत साधारण पावणेचार हजार फोटो मावतात. व्हिडिओचा हिशोब वेगळाच. फोन ४के वर, म्हणजे फार बारकाव्याच्या जड चित्रावर, लावला असेल तर एका मिनिटाला पावणेदोनशे ते साडेतीनशे एमबी जातात. वरचा आकडा धरला तर पाऊण तासाच्या आत १५ जीबी खलास. डंकावर मिरची कुटतानाचे व्हिडिओ गिऱ्हाइकाला दाखवायला काढता ना? ते व्हॉट्सॲपवर जाताना दाबून छोटे होतात, पण मूळ धूड तुमच्या फोनात आणि तिथून ढगात जाऊन बसतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ १०८०पी वर आणा. मिनिटाला ६० ते १३० एमबीवर काम भागेल, आणि मिरचीचा रंग तेवढाच लाल दिसेल.

तेव्हा पुसायला बसायचंच असेल तर तारखेच्या क्रमानं नाही, वजनाच्या क्रमानं बसा. गुगल फोटोत तुमच्या गोल चित्रावर दाबून स्टोरेजच्या पानावर गेलात की ‘मोठे फोटो आणि व्हिडिओ’ अशी वेगळी थप्पी करून ठेवलेली असते. पुसट फोटो आणि स्क्रीनशॉट यांचीही. पहिले वीस-पंचवीस व्हिडिओ बघा. त्यातले निम्मे नक्की असे निघतील की ते का काढले हेच आठवणार नाही. ते घालवा. राहिलेले मोठे फोन यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडून आधी बाहेर काढा. केबल लावल्यावर फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं, मग लॅपटॉपवर फोन दिसेल. त्यात डीसीआयएम, त्यात कॅमेरा. तिथून ‘कॉपी’ करा, ‘कट’ नको. मध्येच केबल हलली तर कट केलेली फाइल ना इकडची ना तिकडची. कॉपी करा, दोन-तीन उघडून बघा, मग मूळ पुसा. तीन पायऱ्या, याच क्रमानं.

पण हे सगळं रविवारी. आज तातडीचं आहे ते मेलचं. टाकी भरली की जीमेलला मेल येतही नाही आणि जातही नाही, पाठवणाऱ्याला परत जातो. सर तेच सांगत होते. धंद्याचा मेल परत गेलेला परवडत नाही. म्हणून आज एक तास काढा आणि लॅपटॉपवर जीमेल उघडा. वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला बारीक रेघांचं एक चिन्ह आहे. तिथे ‘साइझ’ पुढे ‘ग्रेटर दॅन’ ठेवून १० एमबी टाका. मोठी जोडपत्रं असलेले मेल समोर येतील. लागणारी जोडपत्रं उतरवून घ्या, मेल पुसा, मग जीमेलचा ‘ट्रॅश’ स्वतः रिकामा करा. हा डबा फोटोच्या डब्याहून वेगळा आहे, हं. जीमेलच्या डब्यातला माल ३० दिवस जागा अडवून बसतो. आकडा लगेच हलला नाही तर घाबरू नका, कधीकधी एखादा दिवस जातो.

जाहिरातींचे मेल पुसत बसू नका. हात शिवशिवतात हे खरं, पण हिशोब बघा. एक जाहिरात मेल ७५ केबीचा धरला तर असे हजार मेल पुसून मिळतात ७५ एमबी, म्हणजे तुमच्या ४के व्हिडिओचे जेमतेम तेरा सेकंद. दुपार जाते, जागा मिळत नाही. ड्राइव्हमध्येही तसंच, दुसऱ्यानं तुम्हाला दाखवायला दिलेल्या फाइली त्याच्या टाकीत मोजल्या जातात, तुमच्या नाही. त्या काढून काही साधत नाही.

एक गोष्ट मात्र पुसायची नाही. बिलं. जीएसटीत नोंदणी असेल तर हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. सहा वर्षं झाली. पीडीएफ बिलं तशी हलकीच असतात. एका जागी, वर्षावार फोल्डर करा आणि त्या फोल्डरला देव्हाऱ्यासारखं वागवा.

व्हॉट्सॲपचं वेगळं प्रकरण आहे. अँड्रॉइड फोनवरचा त्याचा बॅकअप पूर्वी गुगलच्या टाकीत मोजला जात नव्हता, २०२४ पासून मोजला जातो. तुमच्या ऑर्डरी तिथे आहेत म्हणजे बॅकअप बंद करून चालणार नाही. पण बॅकअपच्या सेटिंगमध्ये ‘व्हिडिओसहित’ असा खटका आहे, तो बंद करा. मग ‘मॅनेज स्टोरेज’ मध्ये जा. ५ एमबीपेक्षा मोठं काय आहे आणि अनेकदा फॉरवर्ड होऊन आलेलं काय आहे, अशा दोन टोपल्या करून ठेवलेल्या दिसतील. दुसरी टोपली डोळे मिटून ओता. सकाळचे सूर्य, गुलाबाची फुलं, आणि तोच अंबाबाईच्या किरणोत्सवाचा व्हिडिओ सात ग्रुपवरून सात वेळा आलेला. देवीचा राग यायचा नाही, एक ठेवा की. शेवटी ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ बंद, आणि ग्रुपच्या माहितीत जाऊन ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद. म्हणजे भिशीच्या ग्रुपवरचे फोटो गॅलरीत आणि तिथून ढगात चढणार नाहीत.

आता लॅपटॉप. तुमच्याकडे २५६ जीबीचा आहे असं धरतो. तो मुळात २३८ च दाखवतो, दुकानदारानं फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे हजारानं मोजतात, विंडोज १०२४ नं. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज या वाटेनं गेलात की कुणी किती जागा खाल्ली ते पट्ट्यांत दिसतं. तिथे ‘टेम्पररी फाइल्स’ उघडा. जुन्या अपडेटची घाण, रिसायकल बिन, कधीकधी आधीच्या विंडोजची अख्खी प्रत पडलेली असते. ते काढायला हरकत नाही. पण त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ असाही एक चौकोन असतो. त्यावर टिक लावू नका. तुमची बिलं, बँकेची स्टेटमेंटं, सगळं तिथेच पडलेलं असणार. तो फोल्डर स्वतः उघडून आकारमानानं लावा. एकच कॅटलॉग चार वेळा उतरवलेला सापडेल, नावापुढे कंसात १, २, ३ लावून. ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’ नावाच्या फोल्डरांत मात्र हात घालायचा नाही, कितीही जड दिसले तरी.

तिथेच ‘स्टोरेज सेन्स’ नावाचा खटका आहे, तो चालू करा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे कसे, पाणी ठरलेल्या पातळीला आलं की कुणाला न विचारता उघडतात, तसं हे जागा कमी पडली की टेम्पररी कचरा आपोआप सोडून देतं. फक्त आत जाऊन डाउनलोड्सच्या पुढे ‘नेव्हर’ ठेवा, नाहीतर दरवाज्यातून बिलंही वाहून जातील.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात निळा ढग दिसतो का? ते वनड्राइव्ह. त्याचं फुकट माप ५ जीबीचं, आणि पुष्कळ नव्या लॅपटॉपवर ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर आपल्या नकळत स्वतःकडे घेऊन ठेवतं. इथेही तीच बैलजोडी. वनड्राइव्हच्या फोल्डरातून फाइल पुसली की ढगातूनही जाते. जागा हवी असेल तर फाइलीवर उजवं बटण दाबून ‘फ्री अप स्पेस’ म्हणा. फाइल दिसत राहते, पण असते फक्त ढगात. मग नेट नसेल तेव्हा ती उघडणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

मुलगी म्हणते पैसे भर. तिचं चूक नाही. गुगलचा १०० जीबीचा प्लॅन महिना दीडशे रुपयांच्या आसपास पडतो, आणि तो घरातल्या आणखी पाच जणांना वाटून घेता येतो. प्रत्येकाच्या फाइली प्रत्येकाकडेच राहतात, एकमेकांच्या दिसत नाहीत. धंद्याला मेल लागतो त्या माणसानं हा खर्च करावा असंच माझं मत. पण आवरल्यानंतर. अडगळ तशीच ठेवून मोठं घर घेतलं तर मोठी अडगळ होते. आजच्या तासाभरात मेल सुरू झाला नाहीच, तर मात्र एका महिन्याचे पैसे भरून मोकळ्या व्हा आणि आवराआवर त्यानंतर करा. हेही खरं, की टाकी मर्यादेच्या वर तशीच दोन वर्षं पडून राहिली तर त्यातलं सगळं पुसायची मुभा गुगलनं स्वतःकडे ठेवली आहे.

मालकांना सांगा, पुसायचं की नाही हा प्रश्न नाही, कुठे ठेवायचं हा आहे. १ टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. पेन ड्राइव्हवर विसंबू नका, तो माल इकडून तिकडे न्यायला ठीक. दोन्हीवर तेच कॉपी करा. वर्षावार फोल्डर, सासऱ्यांचा वेगळा. काढताना ‘सेफली रिमूव्ह’ म्हणूनच काढा. एक घरी ठेवा आणि दुसरी पुण्याला मुलीकडे. दुसरी मुलीकडेच, हे मी उगाच म्हणत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढत होती. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी, हे आकडे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ. त्या वर्षी ती ५५ च्या वर गेली. आमच्याकडे शाहूपुरीत पाणी शिरायच्या आधी मी शहाण्यासारखा कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर नेला. माझ्याकडे रीतसर बॅकअप होता, दोन डिस्कवर. दोन्ही खालच्या मजल्यावरच्या लाकडी कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, एकमेकींवर. चार दिवसांनी खण उघडला तेव्हा त्यातून गाळ निघाला. लग्नाचे फोटो आज आमच्याकडे आहेत ते मेहुणीनं दिलेले. लोकांना सल्ला देणाऱ्या माणसाची ही गोष्ट. छायाचित्रकारांत एक जुना नियम आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. तिसरा भाग मी पुरानंतर शिकलो. तुमच्याकडे फोन आणि ढग ही एक जोडी, घरची डिस्क दुसरी, पुण्याची तिसरी. वर्षातून एकदा, दिवाळीला मुलगी येईल तेव्हा दोन्ही डिस्क जोडून बघा की चालतात का, आणि नवीन वर्षाचं सामान भरा.

गुगलकडचं सगळं एकदम उतरवायचं असेल तर ‘गुगल टेकआउट’ नावाची सोय आहे. मागणी नोंदवली की काही वेळानं मोठे गठ्ठे तयार होऊन लिंक येते. ती आठवडाभरच चालते, तेव्हा वायफाय चांगलं असेल तेव्हाच मागवा. फोटोंच्या तारखा त्यात वेगळ्या बारीक फाइलींत येतात, त्या कचरा समजून फेकू नका. आणि उतरवलं म्हणून गुगलकडचं काही कमी होत नाही, ते तुम्हालाच करायचं.

अजून एक. ‘तुमचं क्लाउड स्टोरेज भरलंय, इथे दाबून लगेच पैसे भरा’ असे मेल आणि मेसेज येतात, गुगलचं चिन्हही असतं. त्यातल्या लिंकवर दाबायचं नाही. खरंच भरलंय का ते ॲप उघडून आत बघायचं आणि पैसे भरायचे तेही आतूनच. चुकून कुठे कार्डाचा नंबर दिलाच तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा.

घरात सांगायचं म्हणता? व्हिडिओ सापडला की संध्याकाळी टीव्हीला फोन जोडा आणि लावा. मालकांना पुसलेलं कळायची गरज नाही. आठ मिनिटं वडिलांचा आवाज ऐकला की ‘एवढे फोटो कशाला’ हा विषय महिनाभर तरी निघणार नाही.

ता. क. चं उत्तर. क्लीनर आजच काढा. फोनला तो लागत नाही. जे काम तो करतो म्हणतो ते फोनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आहे. वर त्याला तुमच्या सगळ्या फाइली बघायची आणि पुसायची परवानगी दिलेली असते, जाहिराती वेगळ्याच. मात्र काढायच्या आधी, वर सांगितलं तसं, सासऱ्यांना डब्यातून बाहेर घ्या. पोराला रागावू नका, मदतच करायला आला होता. त्याला अर्धा किलो चटणी द्या आणि हार्ड डिस्क आणायला त्यालाच पाठवा.